पक्कडीची हजेरी

मागच्या हिवाळ्यात आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना शिवऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता, एकत्र काम कसं करावं. पुण्याहून आलेला एक टापटीप तरुण आम्हाला डोळे मिटून मागच्या मागे पडायला सांगत होता. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी झेलायचं, आणि याला म्हणे विश्वास म्हणायचं. आमचे काका, म्हणजे लाईनवरचे सगळ्यांत जुने वायरमन, पुढे झाले आणि मान वळवून मागे बघत उभे राहिले. तरुण म्हणाला, "सर, मागे बघायचं नाही." काका म्हणाले, "मागं बघितल्याबिगर म्या पडत न्हाई. आन् मुळात पडायचंच कशापायी?"

सगळे खो खो हसले. साहेबांना ते आवडलं नाही. जेवण चांगलं होतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. माझं माहेर उत्रोली, सासर नसरापूर, आणि आमचं उपकेंद्र नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या बाजूला. तालुक्याचं नाव कागदावर बदललं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच. तारेच्या कुंपणातलं एक आवार, त्यात गुरगुरणारा मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि बाजूला पॅनेलांची खोली. त्या खोलीत मी बसते. इथून गावोगाव लाईनी जातात. कुठे तार तुटली, फांदी पडली, की वायरमनांची गँग दुरुस्तीला जाते. खांबावर चढण्याआधी ते मला फोन करतात, मी ती लाईन बंद करते आणि त्यांना परमिट देते. ते परमिट परत येईपर्यंत त्या स्विचला हात लावायचा नाही. साहेब ओरडोत, आमदारांचा फोन येवो, नवरा दारात येऊन उभा राहो. परमिट परत आलं की मी स्विच फिरवते आणि तारेतून अकरा हजार व्होल्ट धावतात. तेव्हा जर कुणी वर राहिला असेल तर 'अरे थांब' म्हणायलासुद्धा सवड नसते. माझी नोकरी एवढीच आहे आणि ती मला कधी एवढीशी वाटलेली नाही.

आमच्या गँगची एक जुनी रीत आहे. ती नियमात नाही. नियम सांगतो की ज्याने परमिट घेतलं त्याने ते परत करावं, बस्स. आमच्याकडे परत करताना फोन सगळ्यांच्या हातांतून फिरतो. आधी काका बोलतात, मग बाकीचे, आणि प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, "म्या खाली हाय." एकाने दुसऱ्याचं सांगायचं नाही. ही रीत कुणी पाडली ते काकांनाही ठाऊक नाही, त्यांच्या आधीच्या माणसांपासून चालत आली आहे. कारण मात्र उघड आहे. आमच्या लाईनी डोंगराच्या कडेने, ओढ्यावरून, भातखाचरांतून जातात. एका खांबावरचा माणूस दुसऱ्याला दिसेलच असं नाही. आणि मोबाईलला रेंज मिळते ती टेकाडावर. म्हणजे काम खाली, फोन वर. साहेबांना ही हजेरी पोरखेळ वाटायची. "परमिट एकाने घेतलं ना, मग एकच बोलेल," असं ते म्हणायचे. आम्ही मान डोलवायचो आणि करायचं ते करायचो.

गँगमध्ये तिघं. एक काका. दुसरा जीपही चालवतो आणि दिवसभर थट्टा करतो. त्याच्या बोलण्यातलं खरं किती आणि फिरकी किती, हे त्याच्या बायकोलाही कळत नसेल. नावं लिहायची नाहीत, म्हणून त्याला थट्टेखोर म्हणते. तिसऱ्याला सगळे जावईच म्हणतात, कारण त्याची सासुरवाडी आमच्याच लाईनवरच्या एका गावात आहे. त्या गावात लाईट गेली की लोक ऑफिसला फोन करत नाहीत, जावयाला करतात. हा काम करायला वाघ, पण मानी. एवढा मानी, की चहात साखर कमी पडली तर मागणार नाही, पण आठवडाभर लक्षात ठेवेल.

माझं आणि त्याचं भांडण झालं ते असं. एका रविवारी तो सासुरवाडीला जेवायला गेला होता. आळीतली लाईट गेली. जावयाचा मान राखायचा म्हणून गडी उठला आणि मला फोन न करता, परमिट न घेता ट्रान्सफॉर्मरवर चढला. डोक्यावर जिवंत तारा, खाली टाळ्या वाजवणारं गाव. काम करून उतरला, लाईट आली. मला हे कळलं ते गावातल्याच एका बाईच्या फोनवरून. ती कौतुकाने सांगत होती, "ताई, तुमचा मानूस लई हुशार! तुमाला तरास बी दिला न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी लगेच त्याला फोन लावला. तो तेव्हा पुन्हा पानावर बसला होता, हात खरकटे, म्हणून मेव्हणीने फोन स्पीकरवर टाकून त्याच्या तोंडापुढे धरला. हे मला कुठून दिसणार? मी सुरू झाले. "अक्कल काय गहाण टाकलीय का? कुठल्या गाढवाने शिकवलं हे? बायकोपोरांना उघड्यावर टाकायची एवढी घाई झाली असेल तर तसं सांगा, मी इथूनच सोय करते." हे सगळं सासऱ्याने ऐकलं, सासूने ऐकलं, मेव्हणीने ऐकलं, आणि रश्श्याचं पातेलं घेऊन वाढायला उभ्या राहिलेल्या मेव्हण्यानेही ऐकलं. पलीकडून कुणी काही बोलेना, तेव्हा मला वाटलं रेंज गेली. म्हणून मी परत एकदा पहिल्यापासून बोलले.

त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. मी बोलले त्यात चूक काही नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. सूर चुकला असेल. पण सूर लावायला मी काय गाणारी आहे?

पुढच्या परमिटला पंचाईत झाली. काका बोलले, थट्टेखोर बोलला, फोन जावयाकडे गेला, आणि नुसता वारा ऐकू येऊ लागला. मग काका म्हणाले, "ताई, त्यो बोलत न्हाई तुमच्यासंगं."

"मग लाईनही चालू होत नाही."

पलीकडे बरीच कुजबुज झाली. शेवटी काकांनी तोड काढली. जावयाने बोलायचं नाही, पण स्वतःच्या हाताने आपली पक्कड टेकाडावर उभ्या जीपच्या बॉनेटवर दोनदा वाजवायची. ती त्याची हजेरी. मला आधी हसू आलं, मग रागही आला, पण मी मान्य केलं. खरं सांगायचं तर मलाही त्याचा आवाज ऐकायची काही हौस नव्हती. तेव्हापासून आमचं तसंच सुरू झालं. काका, "म्या खाली हाय." थट्टेखोर, "म्या बी खाली हाय, च्या टाका." आणि मग टक, टक. ऑफिसात सगळे याला पक्कडीची हजेरी म्हणून चिडवायला लागले. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण काम चोख चाललं होतं. आमच्यासारखी गँग तालुक्यात नाही असं काका चारचौघांत सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. एकाला ताप आला तर दुसरा त्याची पाळी करायचा, एकाच्या डब्यात भाजी नसली तर तिघांच्या डब्यांचा काला व्हायचा. फक्त माझ्या आणि जावयाच्या मधली तार तेवढी तुटलेली होती.

मग वैशाखातला तो दिवस आला. सकाळी जावई दोर न्यायला उपकेंद्रात आला. खोलीतला माठ मी स्वतः भरते, त्यावर पेला ठेवते. त्याने माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायला, पेला पालथा ठेवला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. मी समोर बसले होते. माझं पाणी चालतं आणि मी चालत नाही, हे माझ्या चांगलंच जिव्हारी लागलं. तो पालथा पेला मी दुपारपर्यंत तसाच ठेवला.

दुपारी वळवाचं वारं सुटलं. पाऊस नाही, नुसती धूळ आणि पाला. वेल्ह्याच्या बाजूच्या एका लाईनवर जांभळाची मोठी फांदी कोसळली आणि लाईन बंद पडली. त्याच लाईनवर दूध थंड करून साठवायचं केंद्र होतं. त्यांचा जनरेटर नेमका बिघडलेला, आणि आसपासच्या गावांचं दूध टाकीत भरलेलं. गँग गेली, काकांनी परमिट घेतलं, काम सुरू झालं. इकडे साहेबांचे फोनवर फोन. "किती वेळ? दूध नासलं तर लोक माझ्या दारात ओततील." मी प्रत्येक वेळी सांगितलं, काम चालू आहे.

शेवटी काकांचा फोन आला. वाऱ्यात त्यांचा आवाज तुटत होता. "ताई, झालं काम. परमिट परत घ्या. म्या खाली हाय." मग थट्टेखोर, "म्या बी खाली हाय." आणि लगेच, टक, टक.

सगळं रोजच्यासारखं झालं. माझा हात स्विचकडे गेला. नियमाने तर काका बोलले तेव्हाच मी मोकळी झाले होते. तेवढ्यात नजर माठावर गेली आणि तो पालथा पेला दिसला. सकाळचा राग उसळून वर आला.

मी म्हणाले, "आज पक्कड चालणार नाही. तोंडाने सांगायचं म्हणावं."

थट्टेखोर हसला. "आवो ताई, वाजली की पक्कड. सोडा लाईन, करा चालू."

"पक्कडीला जीव नसतो. माझं पाणी पिताना तोंड उघडतं ना? मग आताही उघडायचं. नाहीतर बसा तिथेच."

"ताई, आता ही काय येळ हाय का वो भांडायची?"

दुसऱ्या फोनवर साहेब होते. त्यांनी हे ऐकलं आणि तेही तापले. "म्याडम, परमिट परत आलंय ना? मग तुमचे रुसवेफुगवे नंतर काढा. चालू करा." मी त्यांना म्हणाले, "सर, एक मिनिट," आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला तेव्हा कसलीही शंका आली नव्हती. मला फक्त त्याला बोलायला लावायचं होतं.

इकडे थट्टेखोराचं हसणं थांबलं होतं. तो हळूच म्हणाला, "ताई, पक्कड म्या वाजवली, माझीच."

"तुम्ही? आणि ते कुठायत?"

"जावई हातपाय धुवाया वढ्याकडं गेलं असत्याल. खालीच हायत वो. तेवढ्यासाठी परत टेकाड कुठं चढवायचं त्यास्नी, म्हणून..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. फोन देऊन जीपमागे सामान ठेवायला गेलेल्या काकांनी हे ऐकून जावयाला हाका मारायला सुरुवात केली होती. एक हाक, दुसरी हाक, मग नुसतं वारं. फोन बहुतेक बॉनेटवर पडला होता. पळणाऱ्या पावलांचे आवाज लांब गेले. मी स्विचवरचा हात काढला आणि दोन्ही हात काखेत घालून उभी राहिले. माझा माझ्या हातांवर भरवसा उरला नव्हता. साहेबांचा आवाज पालथ्या फोनमधून बारीक येत होता.

मग लांबून काकांचं ओरडणं आलं. "आरं, वर हाय! वर हाय त्यो! ताई, सोडू नगा! ताई!"

मी ओरडले, "नाही सोडली! नाही सोडली!" ते त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी ओरडतच राहिले.

झालं होतं ते साधंच होतं. काम आटपून तिघं निघाले, तेव्हा वळणापलीकडच्या खांबावर जावयाला तारेची बांधणी सैल दिसली. आता केली नाही तर उद्या परत यावं लागेल, म्हणून तो मागे राहिला आणि चढला. पुढच्यांना त्याने सांगितलं नाही, कारण ते टेकाडाच्या वाटेला लागले होते आणि वाऱ्यात हाक पोचत नव्हती. आणि सांगायची गरज त्याला वाटलीही नाही. त्याची पक्कड त्याच्या कमरेला होती. ती बॉनेटवर वाजल्याशिवाय बाई लाईन सोडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो उतरला, टेकाड चढून आला आणि फोनवर मला त्याच्या धापा ऐकू आल्या. मग तो बोलला, "म्या खाली हाय." मी काका आणि थट्टेखोर दोघांनाही परत एकेकदा बोलायला लावलं आणि मग लाईन चालू केली. दुधाचं काय झालं ते मी विचारलं नाही. साहेबांनी सांगितलं नाही.

परतताना तिघं उपकेंद्रात आले. उन्हं अजून होती. थट्टेखोर पायरीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. तो मधूनच म्हणत होता, "मला खात्री व्हती. मला खात्री व्हती ना." मला त्याचा राग आला नाही, हे मी सांगून टाकते. त्याने कामचुकारपणा केला नव्हता. दमलेल्या दोस्ताची चार पावलं वाचावीत म्हणून त्याने ती पक्कड वाजवली. तिथे कुणी परका, नवा माणूस असता तर त्याच्या वतीने पक्कड वाजवायचं थट्टेखोराच्या मनातही आलं नसतं. आपल्या माणसाबद्दल आपण खात्री देतो, तशी त्याने दिली. त्या तरुणाने हॉटेलात आम्हाला शिकवलं होतं ते हेच, आणि ते आम्हाला आधीपासून येत होतं.

काका हातपाय धुवायला गेले, तेव्हा जावई खोलीत आला. माठातलं पाणी घेतलं, प्यायला, आणि उभाच राहिला.

"ताई, एक इचारू का? आजच का तुमी तोंडानं बोलाया सांगितलं?"

मी खोटं बोलले नाही. "सकाळी तुम्ही पाणी प्यायलात आणि न बोलता गेलात. त्याचा राग आला होता."

आधी त्याचे खांदे हलले, आणि मग तो हसायला लागला. "म्हंजी म्या न बोलता पानी पिलो म्हणून वाचलो?"

"असंच दिसतंय."

"आन् तुमच्यामाज्यात गोडी असती तर?"

गोडी असती तर मला तो पेला खुपला नसता. टक टक ऐकून मी स्विच फिरवला असता, आणि वरून साहेबांची शाबासकी घेतली असती. मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं, भरपूर आलं. जावई गोंधळला, त्याने माठावरचाच पेला भरून माझ्यापुढे धरला. मी तो प्याले. बोलणं तेव्हापासून सुरू झालं.

पक्कडीची हजेरी अर्थातच बंद झाली. ऑफिसात लोक मला सावध बाई म्हणायला लागले. मी एकदोघांना खरं सांगून पाहिलं, पण त्यांना तो माझा विनय वाटला, म्हणून सोडून दिलं.

आठवडाभराने परत एक परमिट होतं. काम छोटंच, कुणाची काही घाई नव्हती. काकांचा फोन आला, "ताई, परमिट परत. म्या खाली हाय." आणि त्यांच्या हातून जावयाने फोन जवळजवळ हिसकावला.

"म्या खाली हाय, ताई. आन् ऐका, सासूबाईंनी तुमच्यासाठी पाटीभर आंबं धाडल्यात. म्हनत्यात, जावयाला शिव्या घालनारी बाई एकदा घरी आना, तोंड बघू दे."

मी हसले. खरंच मोठ्याने हसले. "शिव्या ताज्या हव्यात की त्याच चालतील, विचारा त्यांना." तोही हसला, मागे काका हसले. किती दिवसांनी आमच्या गँगमध्ये असं मोकळं वाटत होतं. हसत हसतच मी स्विचला हात घातला, मूठ आवळली, आणि फिरवायच्या आधी थांबले.

थट्टेखोर अजून बोललाच नव्हता.

तो खालीच होता, जीपमागे दोर गुंडाळत होता. पण हे मला कळलं ते नंतर.